शेप्या, क्र. ४४

५ मार्च, गुरुवार

मेसच्या रांगेत होते, मामाचा फोन. "प्रज्ञे, तू नंबर टाकलेली आंब्याची झाडं तोडून राहिले लोक." कोण तोडतंय विचारलं. "ज्याचे त्याचे मालक. दुसरं कोन?" किती तोडले? "मोजले न्हाईत माय. तोडायची मशीन परवापासून चालू हाय."

फोन ठेवला तोवर रांग पुढं सरकली होती. पोहे घेतले. वर शेव नव्हती, मी शेव मागून घेतली. आत्ता लिहायला बसले तर तेवढंच आठवतंय.

एकसष्ट झाडं. जानेवारीतले अकरा दिवस मामाच्या गावी राहून मोजलेली. एम.एस्सी.चा अख्खा प्रकल्प त्यांच्यावर उभा. ३० एप्रिलला प्रबंध द्यायचाय.

६ मार्च

मामाला परत फोन. कारण कळलं. जळकोटकडून मोठा रस्ता येणार अशी दिवाळीपासून गावात आवई होती. मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, माझं लक्ष मोजायच्या टेपकडं होतं. आणि जानेवारीत मी पिवळा ऑइल पेंट आणि ब्रश घेऊन गावभर हिंडले. झाडावर आकडा पडला म्हणजे ते रस्त्यात गेलं. सरकार नेणार, आपल्याला काही मिळणार नाही, त्याआधी आपणच विकून मोकळं व्हावं. असा हिशोब.

मी प्रत्येकाला सांगितलं होतं, अभ्यासासाठी आहे. मामाही सोबत सांगत होता, आपली भाची हाय, नांदेडला विद्यापीठात शिकती. "इद्यापीठ बी सरकारचंच की," असं कुणी तरी त्याला म्हणालं म्हणे.

रूमवर अंजलीला सांगितलं. ती किनवटची, वडील वनरक्षक. केस विंचरता विंचरता म्हणाली, "आमच्याकडं झाडाला रंगाचा पट्टा आन् नंबर म्हंजे त्याची पाळी आली." मग जानेवारीत का नाही बोललीस? "तू इचारलं न्हाईस. मला वाटलं तुमच्याकडं चालतं."

आमच्याकडं कुठं चालतं. लहानपणापासून लातूर-नांदेड एसटीच्या खिडकीतून पाहिलंय. रस्त्याकडेच्या झाडांवर पांढरे आकडे यायचे आणि पुढच्या दिवाळीला झाडं नसायची. पाठोपाठ आकडे वाचायचा खेळ खेळायचे मी. तरी डोक्यात आलं नाही.

७ मार्च

गाईड सरांना भेटले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "डेटा कधीचा?" जानेवारीचा. "तेव्हा झाडं उभी होती?" होती. "मग तुझा डेटा बरोबरच आहे. घाबरू नकोस." पाच मिनिटांत बाहेर.

घाबरले नव्हते. दुसरंही काही वाटत नव्हतं.

९ मार्च

क्लास झाला. माती आणि पाणी संवर्धन, समतल चर. वहीत आकृती नीट काढली, बाणसुद्धा दाखवले. शेजारची म्हणाली, तुझी वही दे झेरॉक्सला.

दुपारी जानेवारीची पहिली वही काढली, कच्ची. त्यात नंबर नाहीत, नावं आहेत. मामा सोबत फिरत सांगायचा आणि मी लिहायचे. खोबऱ्या, साखऱ्या, दह्या, गोटी, केळ्या. शिंदेंच्या बांधावरचा लोणच्या, ह्याच्या फोडी दोन वर्षं टिकतात. भुंग्या, ह्यात भुंगे निघतात पण गोड. सगळे गावरान, कोयीपासून आलेले, एकासारखा दुसरा नाही. सोजरबाई म्हणून एक म्हातारी, तिच्या बांधावर शेप्या. कैरी फोडली की शेपूसारखा वास येतो म्हणे. "मोहर बघून काय करतीस, कैरी धरल्यावर ये," म्हणाली होती.

ती वही सरांना दाखवली तेव्हा ते हसले, चांगल्या मनाने. "हे ललित झालं. तक्त्यात साखऱ्या कसा टाकणार? दोन साखऱ्या असतील तर? प्रत्येक झाडाला नंबर दे, झाडावर लिही, म्हणजे पुन्हा जाऊन तेच झाड सापडेल." बरोबरच होतं. पद्धत तीच आहे. मी पुन्हा गेले आणि नंबर टाकले. छातीच्या उंचीवर, उगवतीच्या बाजूला, दिसतील असे मोठे.

१२ मार्च, गुरुवार. मामाकडे.

सकाळची कंधार गाडी, जांबला बदलली. मामा फाट्यावर सायकल घेऊन उभा. माझी पिशवी हँडलला अडकवली. मामा ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो, गल्लीगल्लीच्या वॉलची चावी त्याच्याकडे. एरवी बोलका माणूस.

अडतीस गेलीत. तेवीस उभी.

ओढ्याच्या कडेला आधी सावली होती तिथं आता सरळ पलीकडचं गाव दिसतं. बुंध्यावर माझे अर्धे आकडे राहिलेत. करवत छातीखालून गेली तिथं आकडा ओंडक्यासोबत गेला. वरून गेली तिथं आकडा अजून आहे. १२. १९. २०. मी फोटो काढले. प्रत्येक फोटोत टेप ठेवली, सवय.

व्यापारी उदगीरकडचा, ट्रॅक्टर भरत होता. मला ओळखलं नाही. कामाची बाई समजला असेल. मोबाइलवर काही तरी पाहून गड्याला सांगत होता, "आता सदोतीस नंबरचा ओंडका. घेर मोठा हाय, साखळी आन." मी मागून पाहिलं. मोबाइलवर माझी यादी. माझं अक्षर. मालकाचं नाव, नंबर, घेर.

ती मीच सरपंचांना दिली होती. सर म्हणतात, गावातून माहिती घेतली तर गावाला परत द्यावी. म्हणून एक प्रत छान मार्जिन आखून दिली. सरपंचांनी पंचायतीच्या भिंतीवर लावली, व्यापाऱ्याने तिचा फोटो काढला. त्याला एकही झाड मोजावं लागलं नाही.

मामा म्हणाला, "चल, चा घेऊ." चहा घेतला. साखर होती की नाही, सांगता येणार नाही.

१३ मार्च

सरांना फोन केला, यादीचं सांगितलं. मग म्हणाले, "एक सांगू, वाईट वाटून घेऊ नकोस. आता तुझ्याकडं आधीचं आणि नंतरचं दोन्ही आहे. असं फार कमी विद्यार्थ्यांना मिळतं. बुंध्यांचे व्यास घेऊन ये."

घेतले. अडतीस. मामीने भाकरी बांधून दिली होती, बुंध्यावर बसूनच खाल्ली, दुसरीकडं सावली कुठाय. चीक सुकून काळा झालेला, ड्रेसला लागला. आंब्याची वाढीची वर्तुळं नीट मोजता येत नाहीत, आमच्याकडच्या झाडांची बहुतेकांची येत नाहीत. मला माहीत आहे. तरी एकाची मोजत बसले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मग सोडून दिलं.

परत येताना पारावर तिघे-चौघे बसलेले. कुणी काही वाईट बोललं नाही. एकाने विचारलं, "ताई, मंग रस्ता कवा?" रस्त्याशी माझा काही संबंध नाही म्हटलं. तो बाकीच्यांकडं बघून मान हलवून म्हणाला, "बरोबर हाय. त्यायला सांगायची परवानगी नस्ती."

१८ मार्च. नांदेड.

झोप येते. वर्गात येते, बसमध्ये येते. रडू येईल म्हणून दोनदा बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. नाही आलं. बाहेर एक जण दार वाजवायला लागली, निघाले.

आईचा फोन, लातूरहून. "जेवतीस का?" जेवते. "प्रोजेक्ट झाला का?" होत आलाय. मामाने तिला काही सांगितलेलं दिसत नाही.

२४ मार्च

अंजली जबरदस्तीने बाहेर घेऊन गेली. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो, मग घाटावर. गोदावरीत पाणी बरं आहे. अंजली म्हणाली, "तुझं काय चुकलं सांग बरं. रंग लावला. तोडलं तर त्यांनीच ना?" हाव, त्यांनीच, म्हटलं.

पण मी रंग लावला नसता तर मशीन आली नसती, हे तिलाही कळतं. म्हणून परत येताना ऑटोत दोघी मोबाइल बघत बसलो.

२ एप्रिल

चौथं प्रकरण सरांकडून तपासून आलं. तक्त्यात "झाड नष्ट होण्याचे कारण" असा रकाना. मी लिहिलं होतं: "सर्वेक्षणासाठी टाकलेल्या क्रमांकांमुळे व मोजणीची यादी उघड केल्यामुळे." सरांनी लाल पेनाने रेघ मारून वर लिहिलंय, "मानवी हस्तक्षेप."

मानवी हस्तक्षेप. म्हणजे मी.

विचारायला गेले. सर चिडले नाहीत. दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं. म्हणाले, "बाहेरचे परीक्षक हे वाचतील, तुला एकच प्रश्न विचारतील, की मग अभ्यास कशाला केला. तुझ्याकडं उत्तर आहे?" नाही म्हटलं. "मग लिहू नकोस. तुझ्या घरात पहिली तू इथवर आलीस." बोलणं खरंच काळजीचं होतं. सर दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या खिडकीत कुंडीतल्या तुळशीला त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं. मी बघत बसले.

रकाना तसाच ठेवलाय. लाल अक्षर पण पुसलं नाही, माझं पण.

९ एप्रिल

मामाचा फोन. रस्त्याचं काहीच नाहीये म्हणे. कुणी तरी तहसीलला जाऊन विचारून आलं. आपल्या गावावरून काही जात नाही. कधी जाणारही नव्हतं.

म्हणजे अडतीस झाडं उगाचच गेली.

"तुला कोणी काही म्हणतं का मामा?" "मला कोन म्हनल. पानी भरताना इचारतेत, भाची कवा येनार हाय." कसं विचारतात ते मी विचारलं नाही. मग म्हणाला, "शिंदेच्या घरी वॉल सोडायला गेलो तर परवा बाईनं दार लावून घेतलं. असू दे. लोणच्याचं झाड होतं त्यांचं."

लाज वाटली. बाकी काही वाटत नाही पण ही वाटली.

१४ एप्रिल

जयंती. वसतिगृहाच्या पोरींसोबत मिरवणुकीत गेले, निळा फेटा बांधला. दर वर्षी मामाकडे जाते किंवा लातूरला. यंदा आईला सांगितलं सबमिशन आहे. मामाला पण तेच. मामा म्हणाला, "हाव, अभ्यास कर." गावात कार्यक्रमाच्या मंडपाजवळ मामा उभा असेल आणि लोक येऊन जयभीम घालतील आणि मध्येच कुणी तरी विचारेल. डीजेच्या आवाजात छाती हलते ना, तेवढंच हललं.

१६ एप्रिल

ठरवलं. उरलेल्या तेवीस झाडांवरचे आकडे पुसायचे. रस्ता नाही हे कळलंय, तरी व्यापारी आहे, यादी आहे, आकडे आहेत. निदान आकडे तरी जावेत. हे प्रबंधासाठी नाही. सरांना सांगितलं नाही.

वजिराबादला टर्पेंटाइन घेतलं, दोन बाटल्या. दुकानदार: "कशाला, खिडक्या का?" हाव, खिडक्या.

१८ एप्रिल, शनिवार. मामाकडे.

टर्पेंटाइनने सालीवरचा रंग जात नाही. पसरतो. पहिल्याच झाडावर पिवळं थोबाड झालं. मग मामीचं खुरपं घेतलं, वरवर साल खरवडली. आकडा गेला पण तिथं गोरा डाग पडला, लांबून आधीपेक्षा जास्त दिसतो. मामाने शेण-माती कालवून आणली. त्याने लिंपलं तेव्हा कुठं जमलं. मी खरवडायचं, मामाने लिंपायचं. अकरा झाडं झाली.

शिंदेची बाई लांबून बघत होती. दुपारी ती आली. मला वाटलं आता बोलणार. तिने पाण्याचा तांब्या ठेवला, मामाला म्हणाली, "भाऊ, पानी प्या," आणि गेली. माझ्याकडं पाहिलं नाही. पाणी मी पण प्यायले.

१९ एप्रिल

अजून अकरा. राहिलं एक, सोजरबाईचा शेप्या, क्र. ४४.

सोजरबाई झाडाखालीच बसली होती. सत्तरीच्या पुढं असेल. खुरपं काढलं तर तिने हात आडवा धरला. "पुसू नको."

मला वाटलं कळलं नसेल. समजावून सांगितलं की रस्ता येत नाही, नंबर माझाच आहे, त्याचा काही उपयोग नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझा दत्ता तोडनार होता. व्यापारी घिऊन आला. मी म्हनलं, बाबा, ह्याच्यावर सरकारचा नंबर हाय, हात लावलास तर धरून न्हेतील. म्हनून राहिलं हे. बाकीच्यांनी नंबर बघून तोडलं, मी नंबर बघून ठिवलं."

मामा शेण-मातीची पाटी धरून उभा.

मग ती म्हणाली, "उलट पुसट झालाय बघ. परत काढ."

तेवढ्यात दत्ता आला, बैलांना पाणी पाजून. चाळिशीचा, चांगला माणूस आहे, जानेवारीत मला शिडी दिली होती. "ताई, तुम्हीच सांगा. हे खरंच सरकारचं हाय का?" सोजरबाई माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. पिशवीत जानेवारीचा डबा तसाच राहिला होता, तळाशी जरा रंग. काडीने वरची साय फोडली. ब्रश आणला नव्हता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून ४४ पुन्हा काढला. ठसठशीत.

निघताना तिने चार कैऱ्या दिल्या. जांबला गाडीची वाट बघताना एक फोडली. खरंच शेपूचा वास येतो. किती तरी दिवसांनी कशाला तरी वास आला. पूर्ण खाल्ली, दात आंबले.

२२ एप्रिल

प्रबंध बांधायला द्यायचाय. फक्त तो एक रकाना राहिलाय. अडतीस ओळींत जे कारण आहे तेच ४४ च्या ओळीत "टिकण्याचे कारण" म्हणून लिहावं लागेल. लिहिलं तर परीक्षक हसतील. मला स्वतःला हसू आलं.

अंजलीने तिसरी कैरी मीठ लावून खाल्ली. म्हणाली, असला आंबा आमच्याकडं न्हाई.

२५ एप्रिल, शनिवार

दत्ताचा फोन. माझा नंबर त्याने मामाकडून घेतला. "ताई, माय म्हनती सरकारचं हाय, व्यापारी म्हनतो न्हाई. मी कोनाचं ऐकू? तुम्ही इद्यापीठाच्या कागदावर लिहून द्या. सही-शिक्का. तो कागद असला तर मी बी हात लावत न्हाई, व्यापाऱ्याला बी दाखवतो." आणि नसला तर, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, व्यापारी सोमवारी परत येतोय. पोरीचं लग्न आहे, लाकूड तसंही... वाक्य अर्धंच ठेवलं त्याने.

सरांकडं गेले नाही. ते नाहीच म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. विभागातल्या बाईंकडून कोरा लेटरहेड मागितला. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, दोन दिले.

वर तारीख टाकली. "झाड क्र. ४४" लिहिलं. खोडलं. दुसरा कागद घेतला. "श्रीमती सोजरबाई यांच्या बांधावरील शेप्या हा आंबा" इथपर्यंत लिहिलं.

या गावाला मी देणार तो हा दुसरा कागद. पहिला भिंतीवर लागला होता. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, सगळे घेर बरोबर होते.

"हा आंबा" च्या पुढं काय लिहायचं ते अर्धा तास ठरत नाहीये. सरकारचा आहे. सरकारचा नाही. तोडू नये. मामाला फोन केला तर म्हणाला, "तू शिकलेली हायस, तूच बघ."

सोमवार परवा आहे.